वाचक विचारतात: दातांच्या चार्टची भाषा घरच्या घरी शिकताना

दंतवैद्यकाची परिभाषा आणि चार्टिंग, म्हणजे प्रत्येक दाताची अवस्था आणि उपचार ठरावीक आकड्यांत-खुणांत नोंदवणं, घरी बसून, आपल्या सवडीने शिकता येईल का, अशी विचारणा गेल्या काही महिन्यांत बऱ्याच वाचकांनी केली. कुणी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे, कुणी डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी मदतनीस म्हणून काम करू पाहतंय, कुणी परदेशी जाऊन याच क्षेत्रात पुन्हा उभं राहतंय. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: बारावीला जीवशास्त्र होतं. सध्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. डॉक्टर म्हणतात, चार्ट लिहायला शिकलीस तर आत घेतो. इंग्रजी शब्दसूची आणली आणि ‘ए’पासून पाठ करायला घेतली, पण आठवड्याभरात सगळं विसरते. सुरुवात कुठून करू? (सांगली)

उत्तर: ती शब्दसूची तूर्त बाजूला ठेवा. वर्णानुक्रमाने पाठ केलेले शब्द कामाच्या वेळी आठवत नाहीत, कारण तोंडात काहीच वर्णानुक्रमाने नसतं. आधी जागा, मग आकडा, मग पृष्ठभाग आणि शेवटी आजार व उपचार, हा क्रम धरा.

दातांचे चार प्रकार तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत: पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा. जबड्याच्या प्रत्येक बाजूला मधल्या रेषेपासून मोजलं तर पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन आणि दाढा तीन, असे आठ होतात. असे चार भाग, म्हणजे चार क्वाड्रंट, मिळून ३२. दवाखान्यात यांनाच इन्साइझर, केनाइन, प्रीमोलर आणि मोलर म्हणतात. पहिला आठवडा फक्त यावर घालवा. कोऱ्या कागदावर दोन्ही कमानी काढा, ३२ दात काढा, प्रत्येकाचं नाव मोठ्याने म्हणा. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण प्रीमोलरला दोन टोकं आणि मोलरला चार-पाच टोकं दिसायलाच हवीत.

त्यापुढचे दोन आठवडे आकड्यांना, दोन पृष्ठभागांना, उरलेले हिरड्यांच्या चार्टला आणि शब्दांच्या घडणीला द्या. रोज पाऊण तास नियमाने दिला तर सहा ते आठ आठवड्यांत तुम्ही डॉक्टरांनी सांगितलेला साधा चार्ट लिहू शकाल. रविवारी चार तास बसून बाकीचे दिवस काहीच न करण्याचा उपयोग होत नाही. आज शिकलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा न बघता लिहून काढा. आठवलं नाही तरच पुस्तक उघडा.

प्रश्न: दातांचे आकडे कळले, पण डावं-उजवं सतत चुकतं. आरशात बघून सराव करतो, तरी चार्टवर उलटंच लिहिलं जातं. (नाशिक)

उत्तर: तुमचा घोटाळा आरशामुळेच होतोय. चार्ट हा समोर बसलेल्या रुग्णाकडे पाहून काढलेला असतो. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू कागदावर तुमच्या डाव्या हाताला येते. आरशात मात्र तुमची उजवी बाजू उजवीकडेच दिसते. म्हणजे तुम्ही रोज चार्टच्या बरोबर उलटा सराव करताय. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातही पडद्यावर तेच होतं. घरातल्या कुणालातरी समोर बसवा, तोंड उघडायला सांगा आणि मागच्या कॅमेऱ्याने फोटो घ्या. तो फोटो चार्टशेजारी ठेवून सराव करा.

आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत आणि बहुतेक दवाखान्यांत एफडीआयची (आंतरराष्ट्रीय दंत महासंघाची) दोन आकडी पद्धत चालते. पहिला आकडा क्वाड्रंटचा. रुग्णाचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. कागदावर पाहिलं तर हे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. दुसरा आकडा मधल्या रेषेपासूनचा क्रम, १ ते ८. म्हणून खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ ३६, आणि वरचा उजवा सुळा १३.

हे आकडे जोडून वाचायचे नाहीत. ३६ ला ‘छत्तीस’ किंवा ‘थर्टी-सिक्स’ म्हणू नका, ‘थ्री-सिक्स’ म्हणा. सुटे आकडे उच्चारले की क्वाड्रंट आणि दात दोन्ही वेगवेगळे कानावर पडतात. ‘वन-थ्री’ आणि ‘थ्री-वन’ यांतला फरक कान लगेच पकडतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी-वन’मध्ये मास्क लावलेल्या माणसाच्या तोंडून निम्मा शब्द गिळला जातो. आकडा ऐकल्यावर तुम्ही तो नावासकट परत म्हणायचा: ‘थ्री-सिक्स, लोअर लेफ्ट फर्स्ट मोलर’. आकड्यात चूक झाली असली तर नावात ती उघडी पडते. ही सवय घरच्या सरावातच लावून घ्या, कारण गर्दीच्या वेळी नवी सवय लागत नाही.

आणखी एक अडचण आजच सांगून ठेवतो. नुसतं मोजून आकडा ठरवता येत नाही. तारा लावण्यासाठी चारही पहिल्या उपदाढा काढलेली माणसं पुष्कळ असतात. जागा बंद झालेली असते, आणि सुळ्यानंतर थेट पाचवा दात येतो. तिथे मोजणाऱ्याने १५ ला १४ लिहिलं की पुढचे सगळे दात एकेकाने चुकतात. तसंच, लहानपणी ३६ काढला असेल तर ३७ पुढे झुकून त्याच्या जागी आलेला असतो. मोजायला लागण्याआधी ‘यापूर्वी कुठले दात काढलेत का? तारा लावल्या होत्या का?’ हे विचारायलाच हवं. तरीही शंका राहिली तर आकडा डॉक्टरांनी सांगायचा, आपण अंदाजाने लिहायचा नाही.

प्रश्न: भारतात दंत सहायक म्हणून काम केलं. आता न्यू जर्सीत आहे. इथे ‘नंबर थर्टी’ म्हटलं की मी गोंधळते. नवी पद्धत शिकायला सोपा मार्ग आहे का? (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर: अमेरिकेत युनिव्हर्सल पद्धत चालते. तिच्यात क्वाड्रंट नाहीत, १ ते ३२ अशी एकच रांग आहे. रुग्णाच्या वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ सुरू होतो, वरच्या डाव्या अक्कलदाढेला १६ होतात, तिथून सरळ खाली उतरून खालच्या डाव्या अक्कलदाढेला १७, आणि खालच्या उजव्या अक्कलदाढेला ३२.

एफडीआयवरून बदल करायला चार छोटी गणितं पुरतात. दाताचा दुसरा आकडा घ्या. वरच्या उजव्या भागात तो ९ मधून वजा करा. वरच्या डाव्या भागात त्यात ८ मिळवा. खालच्या डाव्या भागात तो २५ मधून वजा करा. खालच्या उजव्या भागात त्यात २४ मिळवा. ३६ चा दुसरा आकडा ६, २५ वजा ६ म्हणजे १९. ४६ चं २४ अधिक ६, म्हणजे तुमचा तो ‘नंबर थर्टी’.

मात्र गणितावर कायम विसंबू नका. तीन, चौदा, एकोणीस आणि तीस या चार पहिल्या दाढा, आणि आठ, नऊ, चोवीस, पंचवीस हे मधले पटाशीचे दात. एवढे आठ आकडे डोळ्यांसमोर पक्के बसवले की बाकीचे त्यांच्या शेजारी सापडतात. दुधाच्या दातांना तिथे आकडे नसून इंग्रजी अक्षरं आहेत, ए ते टी, याच फिरत्या क्रमाने.

खरा धोका आहे तो दोन्ही पद्धतींत असणाऱ्या आकड्यांचा. एफडीआयमध्ये २८ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ, आणि युनिव्हर्सलमध्ये २८ म्हणजे खालची उजवी पहिली उपदाढ. एफडीआयचा १८ वरची उजवी अक्कलदाढ, तर तिकडचा १८ खालची डावी दुसरी मोठी दाढ. भारतातून एखाद्या रुग्णाची फाइल किंवा एक्स-रे आला आणि त्यावर ‘१८ काढणे’ असं लिहिलेलं असलं, तर ते कुठल्या पद्धतीत आहे हे लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. दाताचं पूर्ण नाव शब्दांत लिहून घेणं सर्वांत सुरक्षित.

अमेरिकेत आणखी एका कारणाने पृष्ठभाग अचूक लिहावे लागतात. विम्याची सीडीटी संकेतावली दाढेच्या कंपोझिट (दाताच्या रंगाच्या) भरणीला पृष्ठभाग मोजून वेगवेगळे क्रमांक देते: एका पृष्ठभागाला डी२३९१, दोनला डी२३९२, तीनला डी२३९३. म्हणजे चार्टवर एक पृष्ठभाग गाळला तर बिल चुकतं आणि एक जास्तीचा लिहिला तर न केलेल्या कामाचे पैसे मागितल्यासारखं होतं. सहायकाला तिथे प्रत्यक्ष काय काय करता येतं याचे नियम राज्यागणिक बदलतात. ते तुमच्या राज्याच्या दंत मंडळाकडूनच समजून घ्या.

प्रश्न: डॉक्टर ‘थ्री-सिक्स एमओडी’, ‘वन-सिक्स डीओ’ असं भराभर बोलतात. अक्षरं कळतात, पण चार्टवरच्या चौकोनात कुठला भाग रंगवायचा ते कळत नाही. (रत्नागिरी)

उत्तर: इथे बहुतेक सगळे अडकतात, म्हणून जरा सविस्तर पाहू.

दाताच्या बाजूंना डावी-उजवी अशी नावं नाहीत. मधल्या रेषेकडे तोंड असलेली बाजू मीझियल, तिच्यापासून लांबची डिस्टल. गालाकडची बक्कल आणि पुढच्या दातांत ओठाकडची लेबियल. खालच्या दातांची जिभेकडची बाजू लिंग्वल, वरच्या दातांची टाळूकडची पॅलेटल. चावायचा वरचा भाग दाढांत ऑक्लुझल, पटाशीच्या दातांत आणि सुळ्यांत इन्साइझल. एम, ओ, डी, बी ही या नावांचीच आद्याक्षरं. काही दवाखान्यांत बक्कल आणि लेबियल दोन्हींना मिळून फेशियल म्हणतात, आणि वर-खाली दोन्हीकडे आतल्या बाजूला लिंग्वलच लिहितात. ज्या दवाखान्यात काम करणार तिथली पद्धत धरा.

आता तो चौकोन. चार्टवर प्रत्येक दाढेसाठी पाच भागांचा चौकोन किंवा वर्तुळ असतं. मधला भाग ऑक्लुझल. कागदाच्या मध्यावरून जी उभी रेघ जाते, ती रुग्णाची मधली रेषा. तिच्याकडचा भाग मीझियल, तिच्यापासून दूरचा डिस्टल. त्यामुळे १६ च्या चौकोनात मीझियल उजव्या हाताला येतो आणि २६ च्या चौकोनात डाव्या हाताला. शिकाऊ माणूस एका दातावर शिकतो आणि ‘डावीकडे मीझियल’ असं डोक्यात धरून सगळीकडे तसंच रंगवत सुटतो. मग चार्टच्या अर्ध्या भागात सगळं बरोबर आणि अर्ध्या भागात सगळं उलटं होतं. वर-खालचंही असंच आहे. नेहमीच्या चार्टमध्ये वरच्या ओळीत गालाची बाजू चौकोनाच्या वरच्या अंगाला, आणि खालच्या ओळीत ती खालच्या अंगाला असते. दोन्ही ओळींत जीभ आणि टाळू कागदाच्या मधोमध येतात.

हे करून पाहा. कोऱ्या चार्टवर १६ एमओ, २६ एमओ, ३६ डीओ, ४६ एमओडी आणि २५ बी रंगवा. १६ मध्ये मधला आणि उजवा भाग रंगायला हवा, २६ मध्ये मधला आणि डावा. ३६ कागदाच्या उजव्या अर्ध्यात आहे, त्याचा डिस्टल रेघेपासून दूर, म्हणून मधला आणि उजवा. ४६ मध्ये डावा, मधला, उजवा असे तिन्ही. २५ मध्ये फक्त वरचा. पाचही न अडखळता जमले की रोज वीस अशी उदाहरणं स्वतः बनवा. प्रत्येक वेळी पेन टेकवण्याआधी मधल्या रेघेकडे नजर टाका.

याच्या जोडीला ब्लॅक या अमेरिकी दंतवैद्यांचं किडीचं वर्गीकरण शिकून घ्या, कारण डॉक्टर पुष्कळदा ‘क्लास टू’ एवढंच म्हणतात. खाचा-खळग्यांतली कीड क्लास वन. दाढा-उपदाढांच्या फटीकडच्या बाजूची क्लास टू. पुढच्या दातांच्या फटीतली, कोपरा शाबूत असेल तर क्लास थ्री, कोपरा गेला असेल तर क्लास फोर. हिरडीलगतच्या तिसऱ्या भागातली क्लास फाइव्ह. टोकांवरची किंवा कडेवरची क्लास सिक्स, हा वर्ग नंतर जोडला गेला. ‘ट्वेल्व्ह क्लास टू’ असं कानावर आलं तर थांबून विचारा. १२ हा पटाशीचा दात आहे, त्याला क्लास टू असू शकत नाही. एकतर दात चुकीचा ऐकला गेला किंवा वर्ग. शिवाय आकडा जोडून बोलला गेला, हेही आलंच.

प्रश्न: लहान मुलांच्या तोंडात दुधाचे कुठले आणि कायमचे कुठले, हे ओळखू येत नाही. (लातूर)

उत्तर: दुधाचे दात २०, प्रत्येक क्वाड्रंटमध्ये पाच. एफडीआयमध्ये त्यांचे क्वाड्रंट ५, ६, ७ आणि ८, त्याच फिरत्या क्रमाने. वरच्या उजव्या दुधाच्या सुळ्याला ५३ म्हणायचं. दुधाच्या दातांत उपदाढा नसतात. सुळ्यामागे थेट दोन दाढा येतात, आणि त्या पडल्यावर त्यांच्या जागी उपदाढा उगवतात.

सगळ्यात मोठा घोळ सहाव्या वर्षाच्या दाढेचा. साधारण सहा वर्षांच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देतात. रिसेप्शनवर असाल तर आईवडिलांना एवढं एक वाक्य जरूर सांगा: ही दाढ पुन्हा येणार नाही. खालची दुधाची दुसरी दाढ दिसायला या कायमच्या दाढेसारखीच असते, त्यामुळे आकारावर जाऊ नका. मधल्या रेषेपासून मोजा, पाचवी असेल तर दुधाची, सहावी असेल तर कायमची. दुधाचे दात जास्त पांढरे आणि मानेशी आवळलेले दिसतात.

साडेआठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या जबड्याचा चार्ट बहुधा असा असतो: १६, ५५, ५४, ५३, १२, ११, मग मधली रेषा, मग २१, २२, ६३, ६४, ६५, २६. हा क्रम बघून पाठ करा, मग वय बदलून स्वतः लिहा. खालचे कायमचे पुढचे दात कधीकधी दुधाच्या दातांमागून उगवतात आणि दुधाचे पडलेले नसतात. अशा वेळी ७१ आणि ३१ दोन्ही लिहायचे.

प्रश्न: हिरड्यांचा चार्ट, म्हणजे पेरिओ चार्टिंग, हा भाग घरी शिकता येतो का? सहा-सहा आकडे ऐकून लिहिताना मी मागे पडते. (पुणे)

उत्तर: लिहिण्याचा भाग पूर्णपणे घरी शिकता येतो. मोजण्याचा नाही, आणि तो घरच्या माणसांवर करूही नका. प्रोबचा, म्हणजे खोली मोजायच्या खुणा असलेल्या बारीक सळईचा, दाब जेमतेम २० ते २५ ग्रॅम ठेवायचा असतो, आणि तो हात देखरेखीखालीच तयार होतो.

आधी काय मोजलं जातं ते समजून घ्या. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक खाच असते. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली घेतात: गालाकडे तीन आणि जिभेकडे तीन, दोन्हीकडे डिस्टल, मध्य आणि मीझियल. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. डॉक्टर ‘थ्री-टू-थ्री, फोर-थ्री-फाइव्ह’ असे तिनाच्या गटात सांगत जातात.

क्रमाकडे लक्ष द्या. १८ पासून २८ पर्यंत गालाच्या बाजूने जाताना रुग्णाच्या उजव्या अर्ध्यात आकडे डिस्टल, मध्य, मीझियल असे येतात. मधली रेषा ओलांडली की ते मीझियल, मध्य, डिस्टल होतात. कागदी चार्टवर तुम्ही डावीकडून उजवीकडे लिहीत गेलात तर ते आपोआप जागेवर पडतात, पण कुणी विचारलं की ‘टू-सिक्सचा डिस्टल किती?’, तर तिसरा आकडा सांगायचा हे माहीत हवं. ‘वन-सिक्सचा डिस्टल’ असेल तर पहिला.

मागे पडण्यापेक्षा घातक चूक वेगळीच आहे, ओळ सरकण्याची. मध्ये एक दात नाही, सांगणाऱ्याने तो न बोलता ओलांडला, आणि लिहिणाऱ्याने पुढचे तीन आकडे त्या रिकाम्या जागी लिहिले. तिथून पुढची सगळी ओळ एका दाताने सरकते, आणि खोल खिसा, म्हणजे आजाराने खोल गेलेली ती खाच, निरोगी दाताच्या नावावर जातो. उपाय सोपा आहे. मोजणी सुरू होण्याआधीच नसलेल्या दातांवर काट मारून घ्या. त्या दातापाशी आलात की तुम्हीच म्हणा, ‘वन-फोर मिसिंग, पुढे वन-थ्री’. मधल्या रेषेपाशीही ‘वन-वन झाला’ असं मोठ्याने सांगा. सरकलं असेल तर तिथेच सापडेल, अख्खी कमान पुन्हा घ्यावी लागणार नाही.

सरावासाठी अशा आकड्यांची एक यादी कागदावर तयार करा. बहुतेक २ आणि ३, मध्ये मध्ये ४, ५, ६, एखादा ८, आणि दोन दात गायब. ती मोबाइलवर संथपणे रेकॉर्ड करा आणि ऐकत ऐकत चार्टवर भरा. मग मूळ यादीशी पडताळा. चूक कुठल्या जातीची आहे ते बाजूला लिहा: चुकीचं ऐकलं, ओळ सरकली, की बाजू बदलली. तुमच्या चुका ज्या जातीच्या असतील, तेवढाच सराव वाढवा. बिनचूक झालं की वेग वाढवा, आणि शेवटी पंखा किंवा मिक्सर चालू ठेवून ऐका. दवाखान्यात सक्शनच्या आवाजातच ऐकायचं असतं.

प्रोबवरच्या खुणा वाचणंही घरी जमतं. विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० अशा खुणा असतात. ४ आणि ६ मुद्दाम सोडलेले असतात, जेणेकरून नजर गोंधळू नये. जाड कागदाची पट्टी कापून त्यावर मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर धरून याच खुणा करा. पट्टी पुस्तकाच्या पानांत सरकवा आणि कडेपाशी किती दिसतंय ते वाचा. ३ आणि ५ च्या मधोमध कड असेल तर ४.

पुढची पायरी म्हणजे अटॅचमेंट लॉस, म्हणजे दाताचा आधार किती गेला ते. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर खिशाची खोली आणि सरकलेलं अंतर यांची बेरीज करायची. खोली ४, सरकलेलं २, तर लॉस ६. हिरडी सुजून दाताच्या मानेच्या वर चढली असेल तर वजाबाकी: खोली ५, वर चढलेली २, तर लॉस ३. पहिल्या रुग्णाचा खिसा उथळ असूनही त्याच्या दाताचा आधार जास्त गेलेला आहे. म्हणून दोन्ही आकडे लिहायचे, एकावर भागवायचं नाही.

प्रश्न: लाल आणि निळा रंग कशासाठी? चुकलं तर खोडरबर चालतो का? (कोल्हापूर)

उत्तर: बऱ्याच ठिकाणी निळा म्हणजे आधीच झालेलं काम आणि लाल म्हणजे करायचं काम. काढलेल्या दातावर फुली, रूट कॅनॉलसाठी मुळात उभी रेघ, ब्रिजसाठी दातांना जोडणारी आडवी रेघ. पण या खुणांत दवाखान्यागणिक फरक असतो. चार्टच्या कोपऱ्यात खुणांचा खुलासा छापलेला नसेल तर मागून घ्या. खोडरबर आणि व्हाइटनर चालत नाहीत. चुकीवर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद, तारीख आणि सही. हातमोजे घालून तोंडात हात घातला असेल तर त्याच हाताने पेन किंवा कीबोर्ड धरू नका.

प्रश्न: मोठमोठे शब्द लक्षात राहत नाहीत. पल्पोटॉमी आणि पल्पेक्टॉमीत मी एकदा गफलत केली. (अकोला)

उत्तर: शब्द तोडून शिका. ‘-आयटिस’ म्हणजे दाह, ‘-एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘-ओटॉमी’ म्हणजे छेद देणं, ‘-प्लास्टी’ म्हणजे आकार देणं. ‘पेरी’ भोवती, ‘एंडो’ आत, ‘सुप्रा’ वर, ‘सब’ खाली. ‘जिंजिव्ह’ हिरडी, ‘पल्प’ दाताचा गाभा, ‘एपिक’ मुळाचं टोक, ‘ग्लॉस’ जीभ. असे तीसेक तुकडे आले की शेकडो शब्द उलगडतात. सबजिंजायव्हल कॅल्क्युलस म्हणजे हिरडीखालचं किटण, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही. तुमच्या जोडीत, पल्पोटॉमीत फक्त वरच्या भागातला गाभा काढतात आणि मुळांतला जिवंत ठेवतात, पल्पेक्टॉमीत सगळाच काढतात. पुढचा उपचार आणि खर्च दोन्ही वेगळे, म्हणून फोनवर अपॉइंटमेंट देतानाही शब्द नीट ऐका.

झिजेचे चार शब्दही एकत्रच शिका. दातावर दात घासून झीज होते ते अ‍ॅट्रिशन. बाहेरच्या वस्तूने, म्हणजे कडक ब्रशने, मशेरीने किंवा राखुंडीने होते ते अ‍ॅब्रेजन. आम्लाने होते ते इरोजन. चावण्याच्या ताणाने मानेशी पाचरीसारखा तुकडा जातो ते अ‍ॅबफ्रॅक्शन. नोंदीत ‘झीज’ एवढंच लिहिलं तर कारण हरवतं, आणि मशेरी थांबवायला सांगायचं राहून जातं.

आपल्याकडच्या केसपेपरवरची संक्षिप्त रूपं मात्र सरळ पाठच करावी लागतात: ‘सी/ओ’ म्हणजे रुग्णाची तक्रार, ‘टीओपी’ म्हणजे ठोकल्यावर दुखणं, ‘आयओपीए’ म्हणजे मोजक्या दातांचा छोटा एक्स-रे, ‘ओपीजी’ म्हणजे दोन्ही जबड्यांचा मोठा, आणि ‘आयआरटी ३६’ म्हणजे ३६ या दातासंबंधी. संख्या फार नाही, एका वहीच्या पानात मावतात.

प्रश्न: घरी बसून करायच्या एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत ‘कोर्सनंतर स्केलिंगही करता येईल’ असं म्हटलंय. खरं आहे का? (फोंडा, गोवा)

उत्तर: नाही. दात खरवडून साफ करणं हे भारतात दंतवैद्याचं किंवा नोंदणीकृत डेंटल हायजिनिस्टचं काम आहे. डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट, १९४८ ने हायजिनिस्टची व्याख्याच दात खरवडणारी, स्वच्छ करणारी व पॉलिश करणारी व्यक्ती अशी केली, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतलं दोन वर्षांचं प्रत्यक्ष शिक्षण लागतं. घरच्या अभ्यासाने परिभाषा येते, चार्ट येतो, फाइल वाचता येते, खुर्चीशेजारी बसून बिनचूक लिहिता येतं. या कौशल्याला दवाखान्यात चांगली मागणी असते, पण त्याने कुणाच्या तोंडात उपकरण घालण्याचा अधिकार मिळत नाही.

पैसे भरण्याआधी त्या संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा. प्रमाणपत्राने कुठल्या दंत परिषदेकडे नोंदणी होते? अभ्यासक्रमात एफडीआय पद्धत शिकवतात की फक्त युनिव्हर्सल? आणि तुम्ही भरलेले सरावाचे चार्ट कुणी माणूस तपासतो का? पहिल्याचं उत्तर बहुधा ‘कुठेच नाही’ येईल. मग ते प्रमाणपत्र शिकण्यापुरतं आहे असं समजून फी किती योग्य ते ठरवा. अमेरिकेत तयार झालेल्या साहित्यात बहुधा फक्त युनिव्हर्सल असतं, आणि गोव्यातल्या दवाखान्यात ते घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी १८ कुठला यावरून अडाल. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याऐवजी जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, आठवड्यातून एकदा माझे चार चार्ट तपासून द्याल का.